आधीचा मालक कोण?

लीलाआत्याच्या घरी पहिल्यांदा आलेल्या माणसाची पंचाईत ठरलेली. दारातच ती म्हणायची, "या, पांडेजींवर बसा." पाहुणा बिचकून इकडेतिकडे बघायचा. पांडेजी म्हणजे खिडकीखालचा दिवाण. रेल्वेतले कोणी पांडेजी बदली होऊन कटनीला गेले, तेव्हा आत्यानं तो त्यांच्याकडून घेतला होता. दही कर्नलसाहेबांमध्ये असायचं, म्हणजे सदर बाजारातल्या एका कर्नलकडून आणलेल्या फ्रिजमध्ये. चटणी मिसेस पिंटो वाटायच्या, आणि त्या हल्ली फार आवाज करायच्या.

लीलाआत्या म्हणजे लीला रामटेके. माझ्या वडिलांबरोबर टेलिफोन खात्यात होती, जबलपूरच्या मदन महल भागात आमच्याच गल्लीत राहायची. रक्ताचं नातं नाही, पण मला बोलता यायला लागल्यापासून ती आत्याच. नवरा फार लवकर गेलेला, मूलबाळ नाही. पेन्शन चांगली होती, नवं घेणं तिला सहज जमलं असतं. मी एकदा विचारलंही. म्हणाली, "नव्याशी काय बोलू मी? त्याले काही माहीतच नाही."

जबलपूर तिला सोयीचं गाव होतं. छावणी, कारखाने, रेल्वे. सारखी कोणाची तरी बदली व्हायची आणि कोणाचं तरी सामान निघायचं. पण आत्या वस्तू बघायच्या आधी माणूस बघायची. "आधीचा मालक कोण?" हा तिचा पहिला प्रश्न. मग त्याच्या घरी जायचं, चहा घ्यायचा, कुंड्यांना पाणी घातलंय का ते बघायचं. एका शिलाई मशीनसाठी ती ग्वारीघाटला इतक्यांदा गेली की त्या बाईंनी शेवटी तिला मुलीच्या साखरपुड्याला बोलावलं. मशीन आलं नाही. साखरपुड्याचे लाडू आले.

मी तेव्हा कॉलेज संपवून घरूनच डिझाइनची कामं करत होते. नागपूरच्या एका मसालेवाल्यानं पाकिटांचं आणि छोट्या अ‍ॅनिमेशन जाहिरातीचं काम दिलं. माझं पहिलं मोठं काम. माझा लॅपटॉप मात्र मिरचीचं एक चित्र फिरवताना असा तापायचा की आई म्हणायची, त्यावरच पापड भाजून घे. चांगला कॉम्प्युटर नवा घेणं शक्य नव्हतं. जुना बघायचा ठरवला आणि चूक अशी केली की ते आत्यासमोर बोलले.

"तू एकटी कायले जाऊन राहिली? मी येते ना," ती म्हणाली आणि पर्स घेऊन उभीच राहिली.

आमचं पहिलं स्थळ गल्लीच्या पलीकडेच, एका इंजिनिअरिंगच्या मुलाकडे. स्थळच म्हणायला हवं, कारण आत्या तशीच तयार होऊन आली होती. कॉम्प्युटर आतून लाल-निळा चमकत होता. ग्राफिक्स कार्ड तगडं होतं, मी खूश झाले. आत्यानं कीबोर्डवर बोट फिरवलं. दोन बटणं पार उडालेली. तिनं मुलाला विचारलं, "बेटा, गुस्सा बहुत आता है क्या?" मुलगा लाजला. बाहेर आल्यावर तिनं निकाल दिला की हा खेळताना मशीनला बुक्क्या मारतो. मला हसू आलं, पण कार्ड किती राबवलंय याची शंका मलाही होतीच. सोडून दिलं.

मग सदरमधलं एक दुकान. दुकानदार म्हणाला, ऑफिस का माल है. आत्या म्हणाली, किसके ऑफिस का? तो म्हणाला, बँकेच्या मॅनेजरचा, बहुत शरीफ आदमी. तिनं विचारलं, त्यांच्या मिसेसचं नाव काय? तिथून दुकानदाराची गाडी घसरली, ती पार त्या मॅनेजरच्या सासुरवाडीपर्यंत. तोवर मी पडद्यावर माझी लाल मिरची लावून पाहिली. ती गाजरासारखी दिसली. रंगच खोटे, तर माझ्या काय कामाचं?

तारीख जवळ येत चालली होती. तेवढ्यात ओळखीतून महाराजपूरचा पत्ता मिळाला. सुषमाजी नावाच्या बाईंचे यजमान लग्नाचे फोटो काढायचे, अल्बम तयार करायचे. थोड्याच महिन्यांपूर्वी ते वारले होते. एका खोलीत त्यांचा कॉम्प्युटर होता, कपड्यानं नीट झाकलेला. मी कपडा काढला, सुरू केला, आणि मला जे जे हवं होतं ते सगळं त्यात निघालं. मेमरी भरपूर, कार्ड चांगलं, आणि पडदा असा की मिरची बघून ठसका लागावा.

मी वळून आत्याकडे पाहिलं. एवढ्या वेळात तिनं एकही प्रश्न विचारला नव्हता.

पडद्यावर एक अर्धवट अल्बम उघडला होता. कोणा नवरीच्या मेंदीची पानं, आणि पुढं कोरी चौकट. सुषमाजी दारातून हळूहळू आत आल्या आणि खुर्चीची पाठ धरून ते बघत राहिल्या. "इतना ही हुआ था," त्या म्हणाल्या. मग त्यांनी मला विचारलं की हे चालू कुठून करतात. इतकी वर्षं घरात होता, पण त्यांनी कधी हात लावला नव्हता.

मी ऑटोवाल्याला फोन करायला मोबाइल काढला, तर आत्यानं माझा हात धरला. "आज नको नेऊ."

मी वैतागले. माझं काम अडलंय, हे तिला माहीत होतं. ती शांतपणे म्हणाली, "इथंच बसून कर ना."

परतताना मी फुगून बसले होते. आत्या रस्त्याकडे बघत होती. तशीच बघत म्हणाली, "आमचे हे गेले ना, तेव्हा पुण्यानुमोदनाचा विधी झाला अन् दिरानं सगळं सामान वाटून टाकलं. मले त्रास नको म्हणूनच केलं बिचाऱ्यानं. सायकल, टेबल, घड्याळ. कोणाकोणाकडे गेलं, मले आजवर माहीत नाही." मग तिनं ऑटोवाल्याला सांगितलं, "भैया, थोडा धीरे."



मसाल्याचं काम मी महाराजपूरला, त्या टेबलाशी बसूनच पूर्ण केलं. आत्या रोज बरोबर यायची. मधल्या वेळात मी तो अर्धवट अल्बम पुरा केला आणि सुषमाजींनी तो स्वतः नवरीच्या घरी पोचवला. त्यांच्या यजमानांचे सगळे फोटो मी वेगळे काढून दिले, ते टीव्हीवर कसे बघायचे ते शिकवलं. त्या एकेका फोटोपाशी थांबायच्या, कुठला, कोणाच्या लग्नातला, ते सांगायच्या. आत्या ऐकत राहायची. ज्या बाईनं जन्मभर ट्रंक कॉल जोडून देताना लोकांना तीन मिनिटांत आवरायला लावलं, ती कधी घड्याळाकडे बघायची नाही.

मग एक दिवस सुषमाजीच म्हणाल्या, "अब ले जाओ, बेटा." त्यांनी स्वतः तो पुसला, वायरी गुंडाळून दिल्या.

त्या कॉम्प्युटरवर मी पुढं पुष्कळ कामं केली. आता मी पुण्यात असते, आत्याही राहिली नाही, आणि मशीन इतकं जुनं झालंय की नवी सॉफ्टवेअर त्याच्यावर उघडतसुद्धा नाहीत. पण तो दिवस मला लख्ख आठवतो. हिवाळा होता, दुपारचं ऊन. मॉनिटर मांडीवर घेऊन मी ऑटोत बसले आणि आत्याला हाक मारली. ती व्हरांड्यातूनच म्हणाली, "तू जा. मी बसते थोडी."

ऑटो वळताना मी मागं पाहिलं. दोघींच्या मधे मटारच्या शेंगांनी भरलेलं सूप होतं, आणि दोघी दाणे सोलत बसल्या होत्या.