पारव्यांचा कौल

गुरुदास मास्तरांच्या देव्हाऱ्यावरच्या फळीवर पारव्यांच्या जोडीने घरटं बांधलं आणि आनंदीबाई रुसून माहेरी, हळर्णला निघून गेल्या. देवांवर घाण पडू लागल्यावर त्यांनी नवऱ्याच्या हातात झाडू दिला होता. मास्तरांनी झाडू धरला आणि 'पिजन' शब्दाची कुळकथा सुरू केली. चिवचिवणाऱ्या पिल्लाचा लॅटिन शब्द फ्रेंचांनी उचलला, त्यांच्याकडून इंग्रजांनी.

"पारवे ऱ्हवतले की मी, इतकांच सांगा," आनंदीबाई म्हणाल्या.

"थांब गो, अजून 'पिजनहोल' ऱ्हवलां!"

मास्तर शिकले पोर्तुगीजात. गोवा मुक्त झाला, पोर्तुगीजला कोणी विचारेना, तेव्हा डिक्शनरी उशाशी घेऊन ते इंग्रजीचे मास्तर झाले. तेव्हापासून शब्दांची कुळी सांगितल्याशिवाय त्यांना घास उतरत नसे, आणि ती ऐकायला घरात एकच माणूस होतं.

आठवड्याभरात ते रडकुंडीला आले. पावाबरोबर लोणचं, पेजेबरोबरही लोणचं. पण जेवणाचं दुःख वरवरचं. "ऐकतंस गो?" असं ते स्वयंपाकघराकडे तोंड करून विचारत आणि फळीवरून पारवा घुमे. एकदा झाडू घेऊन चढले, तर मादी अंड्यांवर बसलेली. तिला उठवायचं तर पाप, न उठवावं तर बायको नाही. मग अडलेला माणूस गावात करतो तेच त्यांनी केलं. देवाला कौल लावला.

देवळात माणसं बरीच होती. बाबली गुरवाने मूर्तीला पाकळ्या लावल्या. उजवी पडली तर पारव्यांनी राहायचं, डावी पडली तर जायचं. मग त्याने खणखणीत गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा! ह्या मास्तराची बायल पारव्यांपायी म्हायेराक गेली म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे एका सुरात.

"बायलेचा नाव कित्याक काढतंस?" मास्तर कळवळले. "पारव्यांचा तेवढा विचार!"

"देवाक सगळां सांगूक व्हया. पारव्यांचा तुमीच सांगा."

सांगा म्हटल्यावर मास्तर थांबतात होय! पारव्यांच्या खुराड्यातल्या भोकांवरून पोस्टातल्या पत्रांच्या खणांना 'पिजनहोल' नाव पडलं. इतर पाखरांना भुलवायला बांधून ठेवलेल्या पारव्यावरून पोलिसांचा खबऱ्या 'स्टूल पिजन' झाला. लोक प्रत्येक शब्दाला "व्हय म्हाराजा!" करत होते.

"आणि 'होमिंग पिजन' म्हणजे," मास्तर म्हणाले, "कितीय लांब सोडलां तरी जां घराक... परत..." त्यांनी बाबलीचा हात धरला. "माका ती व्हयी रे बाबली! घर खावक येता."

तेवढ्यात उजवी पाकळी पडली.

"पारव्यांनी ऱ्हवाचां!" बाबली चाचरत म्हणाला.

"ऱ्हवांदेत! देवान सांभाळूचे. मी हळर्णाक जातंय!"

मास्तर तडक रस्त्यावर आले. बस थांबली आणि तिच्यातून आनंदीबाईच उतरल्या, हातात पिशवी, नाकावर राग.

"पारवे आसत गो अजून," मास्तर आधीच कबूल झाले.

"आसांदेत. पिल्लां उडापर्यंत देव दुसऱ्या कोनाड्यात ठेवया. मीय थंय कौल लायलेलो, परत जावं काय म्हणान."

"मगे? देव काय म्हणालो?"

"नको म्हणालो," आनंदीबाई पिशवी त्यांच्या हातात देत म्हणाल्या. "तेका काय जाता सांगूक? तेची बायल तेच्या बाजूकच बसलेली आसा!"