खोकडाच्या मापाचं काडतूस

ओमानमध्ये रुस्ताकच्या बाहेर महमूद अर्बाबांची, म्हणजे भीमरावांच्या मालकांची, खजुराची बाग आहे. बागेत कोंबड्यांचं खुराडं आहे, खुराड्याच्या जाळीला भोक आहे आणि त्या भोकातून खोकड येतं. इथवर सगळं सृष्टिनियमाप्रमाणे चाललं होतं. बिघडलं ते भीमरावांकडे इंजिनिअरिंगची पदवी असल्यामुळे.

झालं असं, की खोकडासाठी अर्बाबांनी बंदुकीचा परवाना काढला. दुकानदारानं विचारलं, "रायफल कुठल्या काडतुसाची देऊ?" अर्बाब तसेच परत आले आणि भीमरावांसमोर उभे राहिले.

"भीमराव, तू मुहंदिस. मोठा इंजिनिअर. यल्ला, तू सांग."

भीमरावांनी आयुष्यात टिकल्यांच्या पिस्तुलापलीकडे काही उडवलं नव्हतं. पण त्यांचा करार संपत आला होता आणि नूतनीकरणाबद्दल अर्बाब नुसतं "इन्शाल्ला" म्हणाले होते. आखातात उभी हयात काढलेल्या माणसाला सगळं बोलता येतं; 'मला माहीत नाही' एवढं एक वाक्य जिभेवर येत नाही.

"अभ्यास करून रिपोर्ट देतो, अर्बाब."

अल हैलला भीमरावांच्या घरी कांताबाई पोळ्या लाटत होत्या. त्या म्हणाल्या, "अहो, जाळी शिवा ना. वीतभर तार लागेल."

"जाळी आपल्या स्कोपमध्ये नाही," भीमराव गंभीरपणे म्हणाले.

काडतूस निवड समिती स्थापन झाली. ऑफिसातला लोकेश तज्ज्ञ म्हणून आला. त्यानं मोबाईलच्या खेळात निम्मं जग गारद केलं होतं. दुसरे तज्ज्ञ हुसैनमियाँ. मूळचे दापोलीचे, रुस्ताकच्या सूकमध्ये, म्हणजे बाजारात, कोंबड्यांचा धंदा.

"सर, पॉइंट बावीस पुरे," लोकेश म्हणाला. "आवाज कमी, खर्च कमी."

"छ्या! आमचा आजा डुकरं मारायचा," हुसैनमियाँ म्हणाले. "मोठी गोळी घ्या, साहेब. बारक्या गोळीनं जनावर मरत नाय, नुसतं रागावतं."

"आणि बारकी गोळी वाऱ्यानं भरकटते," भीमरावांनी रात्री वाचलेलं सकाळी ऐकवलं. "मोठी आरपार जाऊन शेजाऱ्याच्या बकरीला लागते. तेव्हा मूळ प्रश्न असा, की खोकडाचं वजन किती?"

प्रश्न बिनतोड होता.

वजन करायचं, तर खोकड काट्यावर उभं राहायला हवं. ते उभं राहायचं, तर काट्यावर काहीतरी ठेवायला हवं. सबब भोकासमोर वजनकाटा मांडून त्यावर एक कोंबडी बांधण्यात आली. कागदोपत्री तिला 'चाचणी-सहाय्यक' असा हुद्दा मिळाला. खोकड आलं, उभं राहिलं, सहाय्यक घेऊन गेलं. पण ते हललं, म्हणून आकडा नीट आला नाही. फेरचाचणी ठरली.

फेरचाचण्यांत एक शास्त्रीय सत्य हाती आलं: खोकडाचं वजन वाढतंय. ते का वाढतंय, हा विषय कार्यक्रमपत्रिकेवर नव्हता. साहजिकच आधीचं काडतूस अपुरं ठरलं आणि वरच्या नंबराची शिफारस झाली. पुढे दर बैठकीला काडतूस वाढू लागलं, खोकड वाढू लागलं. घटत होत्या त्या फक्त कोंबड्या. हुसैनमियाँ मात्र सूकमधून नव्या कोंबड्या पुरवत आणि आणखी अभ्यासाची गरज तळमळीनं मांडत.

एक दिवस कांताबाई बागेत आल्या, एक लंगडी कोंबडी काखोटीला मारली आणि गाडीत बसल्या.

"अगं, ती उद्याच्या चाचणीची आहे!"

"ही माझ्या स्कोपमध्ये," कांताबाई म्हणाल्या.

अखेर काडतूस ठरलं, रायफल आली. संध्याकाळी अर्बाब नेम धरून बसले. खोकड ठरल्या वेळी डुलत आलं, आपणहून काट्यावर चढलं आणि भीमरावांकडे बघून शेपूट आवरून बसलं.

अर्बाबांनी रायफल खाली घेतली. "हे रोज इथं जेवतं?"

"हो अर्बाब, पण ते टेस्टिंगसाठी..."

"माझ्या दारात जेवलं म्हणजे माझा पाहुणा! पाहुण्यावर गोळी? खलास, विषय संपला!"

भीमरावांना डोळ्यांसमोर परतीचं विमान दिसलं. पण अर्बाब विचारात पडले होते. "पाहुण्याच्या खाण्याच्या सवयी तुलाच ठाऊक. मग त्याचं बघणार कोण? तूच थांब, भीमराव. दोन वर्षं."

असा करार वाढला. हुसैनमियाँना कोंबड्यांचं कायमचं काम मिळालं. जाळीचं भोकही अखेर स्कोपमध्ये आलं. ते मोठं करून घेतलं, कारण पाहुणा अंगानं भरला होता. रायफल तेल लावून अर्बाबांच्या बैठकीच्या खोलीत टांगली आहे. अल हैलच्या बाल्कनीत लंगडी कोंबडी अंडी देते, आणि भीमराव सकाळी ती खाली मान घालून खातात.

ही गोष्ट ज्याला सांगावी तो पोट धरून हसतो, डोळे पुसतो आणि मग हळूच विचारतो, "पण शेवटी काडतूस कोणतं ठरलं हो?"

तुमच्याही ओठांवर तेच आलं होतं ना? या, बसा. समितीत एक जागा रिकामी आहे.