गाभोळीतली गोळी

आमच्या शेजारचे नामदेवकाका बाजारात मासा घेताना आधी माशाच्या डोळ्यात बघतात, मग विकणाऱ्याच्या. विकणाऱ्याची तपासणी जास्त वेळ चालते. दूधवाला हसला तरी त्यांना शंका, नाही हसला तरी शंका. "काईतरी लपवून राह्यला," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

एका सकाळी ते माझ्याकडे आले आणि आधी दार लावून घेतलं.

"सर, तुमी मराठी शिकवता. गाभोयी म्हन्जे काय?"

मी जन्माचा अकोल्याचा. शब्द कधी ऐकला नव्हता. "कुठे ऐकलात?"

"सून फोनवर तिच्या मायले सांगे, इथं गाभोयी भेटत नाई. वरून म्हने, बाबाले समजू देऊ नको."

त्यांची सून सुप्रिया मालवणची, नुकतीच लग्न होऊन आलेली. काकांनी शब्द फोडून ठेवला होता. "गाभ म्हन्जे गाभन म्हशीतला गाभ. आन् गोयी म्हन्जे औषधाची गोयी. कायची गोयी घेऊन राह्यली ते?" मेडिकलवाल्यांकडे विचारून झालं होतं. एकाने नुसती मान हलवली, म्हणजे तोही त्यात सामील!

मी त्यांना घेऊन थेट त्यांच्या घरी गेलो आणि सुप्रियालाच विचारलं. ती हसता हसता ओट्याला टेकली.

"बाबा, गाभोळी म्हणजे माशाच्या पोटातली अंडी! गाभ तुमचा बरोबर आहे, तो गर्भावरूनच आलाय. गोळी मात्र तुमची."

"मंग मले समजू नये असं काहून म्हनलं?"

"तुम्ही उन्हात बाजारभर हिंडला असता म्हणून."

मला वाटलं, आता काका हसतील. पण ते खुर्चीत बसले.

"पोराची माय गोया लपवून खाये," ते म्हणाले. "मले घोर नको म्हनून. मले समजलं तवा डॉक्टरच्या हाती काई राह्यलं नोतं."

सुप्रियाचं हसू थांबलं. तिने त्यांना पाणी आणून दिलं.

रविवारी काका काटेपूर्णा धरणावर गेले आणि पोट भरलेली रोहू घेऊन आले. सुप्रियाने गाभोळी तळली, मलाही जेवायला बोलावलं. पहिला तुकडा काकांनी तिच्या ताटात ठेवला.

"काई दुखलंखुपलं त मले सांगत जाय, माय," ते खाली बघतच म्हणाले. "मी घाबरनार नाई."

"सांगेन, बाबा," ती म्हणाली, आणि तिने त्यांना आणखी भात वाढला.