खामगावचं इंजन

"पाय असले म्हंजे टांगा कायले पायजे? एका दिवसात अख्खं खामगाव पायी पालथं घालतो!" असं मी अमडापूरच्या पारावर ठोकून सांगतलं, गड्याहो! महाराष्ट्र नवा होता, माही मिशी बी नवी होती. खरं म्हंजे मले पायाचं होतं फक्त आगगाडीचं इंजन. सगळ्या पोरायत मीच एकटा न पायलेला! "इंजन न पायता आलो, त मिशी उतरवतो!" म्हनलं.

सकाळी मोटारीतून उतरलो, संग दोस्त सहदेव. आगगाडी चारले, वापसीची मोटार पाचले. टाइमच टाइम!

चौकात एका धोतरवाल्याले इचारलं, "काका, ठेसन कोनीकडे हो?"

"तू कोन्या गावचा?"

इथंच चुकलो! म्हनलं, "अमडापूर. उकंडरावचा पोरगा."

"अबे, मंग तू त माह्या साळ्याच्या मावसबहिनीचा भाचा! चाल घरी!"

घरी पोहे. सहदेव म्हने, "खाऊन घे बे, इंजन काय पळून जाते?"

"अबे, पळाचंच त काम हाय त्याचं!"

निंघालो, त काका म्हने, "पलीकडं जनकाबाई राह्यते, तुही आत्या लागते. तिच्याकडं नाही खाल्लं, त माह्याशी जल्मभर बोलाची नाही!"

जनकाबाईकडं भजे. तिच्या मांगच्या दारातून महादेवरावकडं शिरा. असे पाच घरं! पोट कापसाच्या बोऱ्यावानी टम्म! खामगाव पायलं, पन चुलीच्या बाजूनं!

तीनले सटकलो. ठेसनाच्या मांगं पोचलोच होतो, त काजळीनं माखलेल्या एका मानसानं हात धरला. "उकंडरावचा ना तू? बातमी आली मले! मी उत्तमराव, तुह्या मायचा चुलतभाऊ. माह्या दारावरून उपाशी जाशीन?"

"मामा, मले ठेसनावर..."

"ठेसन हे काय, बाजूले! दोन घास खाय!"

पाटावर बसोलं. विमलमामीनं ताट वाढलं. आन् मामानं टोपी घातली.

"तुमी जेवा आरामात. मी चाललो ड्युटीवर."

"कोनती ड्युटी, मामा?"

"इंजन चालोतो ना मी! चारची गाडी."

घास हातातच! मी उठाले गेलो, त मामीनं खांदा दाबला. "भरल्या ताटावरून उठते काय कोनी? बस!"

तेवढ्यात कूऽऽऽ! फळीवरचे भांडे थरथरले.

मामीचं तोंड फुललं. "ऐकलं? भाचा आला म्हनून मामानं आज कशी लांब वाजोली!"

सहदेव तोंड फिरवून हासे. मी मिशीवरून शेवटचा हात फिरवला, गड्याहो!

म्हनलं, "मामी, अजून एक पोळी वाढा."