मिश्री सुटण्याचा भाव

"दानधर्म म्हणजे तोटा असं म्हणणाऱ्याला धंदाच कळला नाही!" गुळाचे अडते गोमटेश यांनी मार्केट यार्डातल्या दुकानात गादीवर बसून जाहीर केलं. समोर चहा पिणाऱ्या चार हमालांनी माना डोलावल्या. मान डोलवायला पैसे पडत नाहीत, आणि चहा शेठचा होता.

हे ज्ञान त्यांना त्याच सकाळी झालं होतं. कसबा बावड्यात बायकांची तंबाखूची मिश्री सोडवणारी संस्था चालवते ती दीपा दुकानात आली होती. संस्थेचं माणूस दिसलं की गोमटेश एकशे एक रुपये देऊन मोकळे व्हायचे. पण ही पोरगी भलतंच बोलायला लागली.

"काका, देणगी नको. गुंतवणूक करा."

"मिश्रीत?"

"मिश्री सुटण्यात! तीन लाख तुम्ही आधी घालायचे. त्यातून आम्ही वरच्या गल्लीतल्या चाळीस बायकांवर सहा महिने काम करणार. मग बाहेरचा तपासनीस येणार. पुण्याचा एक ट्रस्ट सुटलेल्या बाईमागे तुम्हाला दहा हजार देणार."

गोमटेश गादीवर सरसावून बसले. गुळाची प्रत रंगावरून कळते, कणीवरून कळते. सुटलेल्या सवयीची प्रत कशी बघायची?

"आणि बाई खोटं बोलली तर?"

"थुंकी तपासतात. थुंकी खोटं बोलत नाही."

"वा! आणि करारात ही खालची गल्ली कशाला लिहिलीय?"

"तुलनेला. तिथल्याही चाळीसजणी तपासणार. काहीजणी आपोआपच सोडतात, त्याचे पैसे ट्रस्ट का देईल? खालच्या गल्लीपेक्षा वरच्या गल्लीत जितक्या जास्त सुटतील, तेवढ्यांचेच पैसे."

"खालच्या गल्लीवर खर्च किती?"

"शून्य. तिथं काहीच करायचं नाही. फक्त अट आहे, या विषयावर तिथं चकार शब्द काढायचा नाही. आणि पैसे तुमचे आहेत हे बायकांना कळता कामा नये."

काहीच न करण्याची अट! गोमटेशनी आनंदानं सही ठोकली.

तीन लाख कुठून आले? त्यांच्या पत्नी पद्मावतीवहिनींच्या नव्या स्वयंपाकघरासाठी ठेवलेले होते. ओटा मध्यभागी खचला होता. पातेलं ठेवलं की ते आपल्या मनानं कडेला चालायला लागायचं.

"दिवाळीला चार होऊन येतील! काळा ग्रॅनाइट घालू!" गोमटेश म्हणाले.

"नाही आले तर?"

"अगं, बायका सुधारल्या की पैसे. जगात बायकांच्या सुधारण्यावर भरवसा ठेवायचा नाही तर कुणाच्या?"

वहिनींनी सरकणारं पातेलं धरलं.

दोन महिन्यांनी दीपाचा फोन आला. "सोळाजणींची सुटली, काका. छान चाललंय!"

सोळा म्हणजे एक लाख साठ! आणि घातले होते तीन लाख. ते स्कूटर काढून बावड्यात वरच्या गल्लीत 'सहज' गेले. धोंडुबाई उंबऱ्यावर बसून बोटानं मिश्री लावत होत्या. गल्लीतल्या बायका त्यांच्याकडे बघून सगळं ठरवायच्या.

"काय धोंडुबाई, सुटतीय का?"

"कशाची सुटतीय! सक्काळी बोट तोंडात घातल्याबिगर डोळाच उघडत न्हाय."

आता सौद्यात गुळाची बोली अडली की काय करायचं, हे गोमटेश तीस वर्षं करत आले होते. एका व्यापाऱ्याच्या कानात दुसऱ्याचं नाव सोडायचं. ते हळूच म्हणाले, "मग खालच्या गल्लीतल्या तानाबाई म्हणत होत्या ते खरं म्हणायचं."

"काय म्हनत हुती तानी?"

"वरच्या गल्लीच्या बायकांत दम न्हाय म्हणे."

धोंडुबाई अशा थुंकल्या की पलीकडची कोंबडी उडून भिंतीवर बसली.

तानाबाई बिचाऱ्या असं काहीच म्हणाल्या नव्हत्या. पण त्याच संध्याकाळी पिठाच्या गिरणीत धोंडुबाईंनी त्यांना गाठलं.

"आमच्यात दम न्हाय म्हनलीस व्हय गं?"

"मी कवा म्हनलो?"

"म्हनलीस!"

"न्हवतो म्हनलो. पर आता म्हनतो, जा! न्हाय दम तुमच्यात!"

"आनि तुमच्यात हाय? मिश्री सोडून दावा की!"

"तुमच्या आदी सोडून दावतो!"

वरच्या गल्लीतल्या बायकांनी दुसऱ्या दिवशी मिश्रीच्या डब्या गटारात रिकाम्या केल्या. पंधरा दिवसांत आकडा सव्वीसवर, मग तेहतीसवर! गोमटेश ग्रॅनाइटच्या दुकानात जाऊन तीन नमुने घेऊन आले.

एक दिवस ते नमुने घेऊन स्कूटरवरून खालच्या गल्लीजवळून जात होते. तोंडावरच मोठा फ्लेक्स! तानाबाईंचा गॉगल घातलेला फोटो, खाली तीस बायकांचे फोटो आणि लाल अक्षरं: 'नाद करायचा न्हाय! संपूर्ण मिश्रीमुक्त गल्ली!'

गोमटेशनी ब्रेक इतका जोरात दाबला की नमुने रस्त्यावर पडले.

मग त्या माणसानं जे केलं ते माणूस स्वयंपाकघर वाचवण्यासाठीच करू शकतो. बाजारातून दोन किलो मिश्री आणली आणि ते तानाबाईंच्या दारात उभे राहिले.

"तानाबाई, कशाला जिवाला तरास? थोडी लावा की! गल्लीतल्या सगळ्यांना द्या, माझ्याकडून!"

तानाबाईंनी पिशवीकडे बघितलं, शेठकडे बघितलं आणि हाळी दिली. "अगं या गं समद्या! वरच्या गल्लीनं लाच धाडलीया! हारल्यात त्या, हारल्यात!"

मग खालच्या गल्लीतल्या उरल्यासुरल्यांपैकीही बहुतेकींनी ईर्षेनं सोडली.

दिवाळीआधी पुण्याहून तेजस्वी नावाची तपासनीस आली. वरच्या गल्लीतल्या चाळीसपैकी सदतीस थुंक्या स्वच्छ! खालच्या गल्लीतल्या चाळीसपैकी अडतीस!

"फरक वजा एक," तेजस्वी म्हणाली.

"म्हणजे एका बाईचे दहा हजार मीच द्यायचे?" गोमटेशनी घाबरून विचारलं.

"नाही नाही. शून्याखाली जात नाही."

"पण ताई, खालच्या अडतीस?"

"त्या आपोआप सुटल्या असं धरतात."

"आपोआप? मी काडी लावली म्हणून सुटल्या!"

तेजस्वीनं पेन उघडलं. "म्हणजे तुम्ही अट मोडलीत? लिहून देता का?"

गोमटेशनी पेनाकडे बघितलं. लिहून दिलं तर करार मोडला, नाही दिलं तर आपोआप.

घरी त्यांनी सगळं सांगितलं. पद्मावतीवहिनी बोटांवर हिशेब करत राहिल्या. "पंच्याहत्तर बायकांची सुटली. म्हणजे बाईमागे चार हजार. स्वस्त पडलं की हो!"

"माल चोख आहे गं, पण घेणारा नाही! नुसतं दान केलं असतं तर पावती मिळाली असती, कुठंतरी फरशीवर नाव कोरलं असतं!"

तेवढ्यात दार वाजलं. धोंडुबाई आणि तानाबाई, दोघी एकत्र! हातात पावतीपुस्तक.

"शेठ, दोनी गल्ल्यांनी मिळून सत्काराचा कार्यक्रम ठेवलाय," धोंडुबाई म्हणाल्या. "दीपाताईंचा आनि आमचा."

"अरे वा!" गोमटेश जरा ताठ झाले. "आणखी कुणाचा?"

"आनि कुनाचा असनार? वर्गनी गोळा करतोय. तुमी कायबी केलं न्हाईसा हे खरं हाय."

"उलट मिश्री वाटत हिंडत हुतासा!" तानाबाई म्हणाल्या. "तरीबी मोठ्या मनानं आलो."

गोमटेशनी बायकोकडे बघितलं. वहिनी पदर तोंडाला लावून हसत होत्या.

"द्या हो, पाचशे एक द्या," त्या म्हणाल्या. "ह्याची पावती तरी मिळतीय!"