दोन किल्ल्यांचा अबोला

आमच्या बँकेतली दोन माणसं एकमेकांशी हसून बोलताना दिसली, की गोविंदरावांची झोप उडायची. दुसऱ्या दिवशी सकाळी ते तिजोरी तपासायला हजर.

गोविंदराव बँकेचे चिटणीस, मी कारकून. सोलापुरातली आधीची बँक बुडाली, विणकरांच्या ठेवी गेल्या, त्यानंतर ही उभी राहिली. नियम गोविंदरावांनी लिहिले. "ती बँक चोरांनी नाही बुडवली हो, व्याह्यांनी बुडवली," ते सांगत. तिथे तिजोरीच्या दोन किल्ल्या मॅनेजर आणि खजिनदाराकडे, आणि दोघे व्याही. व्याह्याने किल्ली मागितली तर नाही कोण म्हणणार? म्हणून नवा नियम: किल्ल्या ज्यांच्याकडे, त्यांचं आपसात पटता कामा नये.

सभेत हशा पिकला. साखर पेठेतली एक म्हातारी ओरडली, "सायेब, घरी बायकूशी तरी बोलता का न्हाय?"

"घरात लोकांच्या ठेवी नाहीत, आजी."

हशा थांबला. पण ठेवी ठेवायला कोणी धजेना. पेठेने अट घातली: एक किल्ली गोविंदरावांकडे, दुसरी हातमागवाल्या राजय्यांकडे, तरच पैसा ठेवू. राजय्या सचोटीचे, आणि गोविंदरावांचे लहानपणापासूनचे जिवलग.

गोविंदरावांनी भर बाजारात त्यांना गाठलं. "आजपासून आपलं बोलणं बंद."

राजय्या हसले. मग त्यांचं हसू मावळलं. "बरं," म्हणाले. "किल्ली द्या."

मला ते सोंग वाटलं होतं. पण वर्षं गेली. रोज सकाळी दोघं तिजोरीसमोर येत, आपापली किल्ली फिरवत आणि न बघता वळत. राजय्यांच्या मुलीच्या लग्नालाही गोविंदराव गेले नाहीत. त्या दिवशी बँकेत बसून, काही चुकलेलं नसताना, त्यांनी मला मुहूर्त टळेपर्यंत फैलावर घेतलं.

पुढे बाहेरगावी बँका बुडाल्याची आवई उठली. आमच्या दारात ठेवी काढायला झुंबड उडाली. लोकांनी एकच विचारलं, "ते दोघं अजून बोलत न्हाईत न्हवं?" नाही म्हटल्यावर गर्दी पांगली. असा पहारा मी दुसरा पाहिला नाही.

गेल्या महिन्यात गोविंदरावांचं दुखणं विकोपाला गेलं. मी किल्ली घ्यायला घरी गेलो. त्यांनी ती दिली, माझ्याकडून पोच लिहून घेतली, नीट वाचली आणि म्हणाले, "आता राजय्याला बोलवा."

राजय्या बाहेर ओट्यावरच बसले होते. आत येऊन खाटेवर टेकले. मग दोघं बोलू लागले, एकमेकांचं तोडत, भांडत, हसत. मला एक अक्षर कळेना. सगळं राजय्यांच्या मायबोलीत, तेलुगूत चाललं होतं. गोविंदरावांना ती भाषा येते, हेच आम्हांला ठाऊक नव्हतं. पेठेत ती बोलणारी घरं कितीतरी. पण इतक्या वर्षांत ते ती दुसऱ्या कुणाशी बोलले नव्हते.