बावडीतल्या बाईचा भाऊ

पडद्यावर भूत आलं की सगळं थेटर किंचाळायचं आणि आमचे सुकदेवनाना डोक्यावरची टोपी नीट करून म्हणायचे, "राम राम, बाई." तेही मोठ्याने. पुढच्या रांगेतली पोरं खिदळायची, पण नानांना त्याचं काही नसे. "ती इतली दूरथीन उनी, राम राम बी नही करानं का?" असं वर आम्हालाच विचारायचे.

जळगावात मेहरूणला नानांचं घर आमच्या भिंतीला लागून. जिनिंग फॅक्टरीतून निवृत्त झालेले, बायको वारलेली, मुलगा सुरतेला. करमणूक एकच, 'काळी बावडी'. हा जुना हिंदी भुताचा सिनेमा जळगाव-धुळ्यात कुठेही पुन्हा लागला की नाना हजर. जामनेरला तंबूतल्या टॉकीजमध्ये आला तर तिथेही जाऊन बसले. त्यात विहिरीतून एक बाई वर येते. ती कोण, का येते, काही म्हणजे काही सांगत नाहीत. नुसता रहाटाचा दोर आपोआप हलतो आणि आपण पाय वर घेऊन बसतो. "दोर हालस, बस. येले म्हनतस सिनेमा," नाना म्हणत.

या गमतीच्या माणसाची एक गोष्ट मात्र मला मुळीच आवडत नसे. धाकटी बहीण यमुना साक्रीकडे दिलेली, तिला नाना आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आणत नव्हते. आमच्याकडे आखाजीला भावाने मुराळी होऊन जायचं आणि बहिणीला घेऊन यायचं. मुराळी आल्याशिवाय बाई आपली आपण निघत नाही. नाना कित्येक वर्षं गेलेच नव्हते. कारण काय, तर नानांच्या मुलाच्या लग्नात यमुनाबाईंच्या नवऱ्याला पहिल्या पंगतीला बसवायचं राहून गेलं. पाव्हणे तणतणत निघून गेले. नाना म्हणाले, त्याचा निरोप आल्याशिवाय मी त्याची पायरी चढणार नाही. पाव्हणेही तिकडे तेच म्हणत असणार. दोन पुरुषांनी आपापल्या टोप्या सांभाळायच्या आणि माहेर तुटायचं बाईचं! मला न्यायला कुणी येत नाही, मी सरळ एसटीत बसते आणि माहेरी जाते, त्यामुळे असले रुसवे ऐकले की माझं डोकंच फिरतं. मी शाळेत शिकवत असल्यामुळे नाना मला मास्तरीनबाई म्हणत. एकदा मी तोंडावर बोलले तर नाना म्हणाले, "मास्तरीनबाई, तुम्हले काय समजस त्यामातलं?"

नव्वदच्या आसपास 'काळी बावडी'चा नवा सिनेमा आला. पुढचा नाही, आधीचा! ही बाई भूत होण्यापूर्वी कोण होती, असा पोस्टरवर सवाल. नाना तिथेच उखडले. "कोन व्हती म्हंजे? बाई व्हती! आते भूतनी बी जन्मपत्रिका दखाडतस का?" तरी पहिल्याच रविवारी आम्हा नवराबायकोला घेऊन दुपारच्या खेळाला गेले.

सिनेमा भिकार होता, हे नानांची बाजू न घेताही सांगते. जुन्यात नुसता दोर हलायचा, इथे बाईच्या डोळ्यांत लाल दिवे. जुन्यात अंधार होता, इथे एवढा धूर सोडलेला की नगरपालिकेची माणसं डास मारायला आलीत असं वाटावं. जुनी बाई एक शब्द बोलत नव्हती, ही मरायच्या आधी दोन गाणी म्हणते. नाना सारखे "वाट लावी दिनी" म्हणत होते आणि आम्ही हसत होतो.

मध्यंतरानंतर ती बावडीच्या काठावर येऊन बसायला लागली. सण आलाय, जावांचे भाऊ बैलगाड्या घेऊन दारात आलेत, हिचाच भाऊ येत नाही. सासू टोमणे मारते. पुढच्या सणाला तेच, त्याच्या पुढच्याही सणाला तेच. शेवटी ती घागर काठावर ठेवते आणि पायऱ्या उतरते. मग भूत आलं, पोरं किंचाळली. नानांनी राम राम केला नाही.

बाहेर आल्यावर मात्र त्यांचं तोंड सुटलं. आठवडाभर चहाच्या टपरीवर, न्हाव्याकडे, आमच्या ओट्यावर तोच विषय. जुना सिनेमा कसा, आणि या लोकांनी त्याचं कसं मातेरं केलं. "भूत म्हंजे भूत पाहिजे. त्याले रडकं करी टाकं. आनी भाऊ कसा दखाडा, राक्षस! भाऊले कामे नही ऱ्हातस का?"

मी भाजी निवडत होते. म्हटलं, "नाना, ती का येते हे जुन्यात सांगत नव्हते, म्हणून तर तुम्हाला जुना आवडायचा."

नाना उठून गेले. त्यानंतर काही दिवस ओट्याकडे फिरकले नाहीत. मला त्याचं वाईटबिईट वाटलं नाही.

आखाजीच्या आदल्या दिवशी बघते तर धुतलेलं धोतर, नवी टोपी, पिशवीत नवं लुगडं. "मुराळी चालनू," म्हणाले, माझ्याकडे न बघता. धुळ्याला गाडी बदलून साक्री. त्यांची पाठ वळताच मी त्यांचं घर झाडून-पुसून घेतलं, ओसरीतल्या कड्यांना आमच्या ह्यांच्याकडून आखाजीचा, माहेरवाशिणीसाठीचा झोका बांधून घेतला. बहीण चिडेल, रडेल, भांडेल, पण येईल, अशी माझी खात्री होती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नाना एकटेच आले. हातात सांजोऱ्यांचा डबा. ओट्यावर टेकले.

"पाव्हणे आडवे आले का?" मी विचारलं.

"तो? माले म्हने, कोनती पंगत? त्याले काहीच याद नही. चहा पाजा त्यानी."

"मग यमुनाताई चिडल्या?"

"नही," नाना म्हणाले. यमुनाबाईंच्या दोन्ही सुनांचे भाऊ येऊन त्यांना घेऊन गेले होते. घर, गुरं आणि म्हातारा नवरा यमुनाबाईंच्या गळ्यात. त्यांना निघायला सवडच नव्हती. त्यांनी भावाला पोटभर जेवू घातलं, लुगडं ठेवून घेतलं, डबा भरून दिला आणि एसटीपर्यंत पोचवायला आल्या.

"मी तिले इचारं," नाना म्हणाले, "इतला वरीस मन्ही वाट दखी का तू?"

"काय म्हणाल्या?"

"म्हने, पयला दोन वरीस दखी, भाऊ. मंग सवय मोडी गयी."

मला त्या म्हाताऱ्याची दया आली, आणि दया आली याचा रागही आला.

"शिव्या दिन्या असत्या तरी चालतं," नाना म्हणाले. मग डबा उघडून माझ्यापुढे सरकवला.

"ल्या, मास्तरीनबाई. माले एकलाले इतल्या कसाले?"